विधानसभेला कट्टर विरोधक, बाजार समितीला एकच पॅनेल : सोसायटीतून वर येणारा शेतकरी पुढारी असा मवाळ का होतो?

बाजार समितीची, म्हणजे शेतमालाचा लिलाव चालवणाऱ्या संस्थेची, किंवा जिल्हा बँकेची निवडणूक लागली की पेपरात एक बातमी हमखास येते. विधानसभेला ज्या दोघांनी एकमेकांवर वाट्टेल ते आरोप केले ते आता एकाच पॅनेलमधून उभे आहेत, हसत फोटो काढतायत, आणि खाली लोक लिहितात की सगळे एकाच माळेचे मणी. शहरात वाढलेल्या माणसाला तर हे कळतच नाही, पण गावात राहणाऱ्या तरुण पोरांनाही आजकाल कळत नाही. दुसरं म्हणजे एखादा जुना नेता गेला की बातमीत "सोसायटीच्या चेअरमनपदापासून राजकारणाची सुरुवात" असं लिहिलेलं असतं, आणि ही सोसायटी म्हणजे नेमकं काय, तिथून माणूस आमदार कसा होतो, हे कोणी सांगत नाही.

तर ते जरा मुळापासून बघू. मवाळ पुढारी म्हणजे इथं मी असा माणूस धरतोय जो शेती करत राजकारणात आला, टोकाचं बोलत नाही, विरोधकाचं दार कायमचं बंद करत नाही आणि शक्यतो बसून मिटवतो. माझं म्हणणं असं की हा मवाळपणा बऱ्याच वेळा स्वभावातून येत नाही, तो ज्या संस्थांमधून वर येतो त्या संस्थाच त्याला तसं वागायला लावतात. आणि या खालच्या संस्था दुबळ्या झाल्या की असा पुढारी घडायचाही थांबतो.

सोसायटी म्हणजे नेमकं काय

गावातली सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, बोलताना विकास सोसायटी किंवा नुसती सोसायटी. शेतकऱ्याचं पीककर्ज इथून येतं. पैसा वरून खाली येतो तो असा की राज्य सहकारी बँक जिल्हा बँकेला देते, जिल्हा बँक सोसायटीला आणि सोसायटी तुमच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि पीक बघून तुम्हाला. संचालक साधारण १३ असतात, ८ सर्वसाधारण कर्जदार गटातून, २ महिला, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटके विमुक्त यांची प्रत्येकी १ जागा. हे संचालक आपल्यातूनच चेअरमन निवडतात.

आता मार्च महिन्यातली सोसायटी डोळ्यापुढं आणा. गटसचिव, म्हणजे सोसायटीचा हिशेब ठेवणारा, दप्तर उघडून बसलाय, बाहेर मोटारसायकलींची रांग, आत एकजण सांगतोय की हरभरा बाजारात घातलाय पण पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे अजून हातात नाहीत, आठ दिवस थांबा. पण थांबता येत नाही, कारण मुदतीत कर्ज भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य टक्के पडतं आणि मुदत चुकली की सवलत गेली. मग चेअरमन एखाद्या अडत्याला, म्हणजे बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाला, नाहीतर दुकानदाराला फोन लावतो, आठवड्याच्या बोलीवर रक्कम उभी करतो, जुनं कर्ज भरलं जातं, काही दिवसांत नवं मंजूर होतं आणि उसने पैसे ज्याचे त्याला परत जातात. याला नवं-जुनं करणं म्हणतात आणि राज्यातल्या हजारो गावांत दरवर्षी हेच चालतं.

यातली बघण्यासारखी गोष्ट अशी की ज्याच्यासाठी फोन लावला तो माणूस मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमध्ये असू शकतो, घराच्या ओट्यावर उभं राहून चेअरमनला शिव्या दिलेला असू शकतो, तरी फोन लावावाच लागतो. कारण त्याचं खातं थकलं की सोसायटीची वसुली खाली येते, सोसायटी बँकेकडं थकली की पुढच्या कर्जवाटपाला अडथळा येतो, आणि त्याची झळ चेअरमनच्या स्वतःच्या पॅनेलला मत देणाऱ्यांनाही लागते. मवाळपणाचा पहिला धडा इथं मिळतो आणि तो कोणी भाषणात शिकवत नाही.

पुढच्या पायऱ्या आणि कुठं कोण मत देतं

सोसायटीच्या बरोबरीनं ग्रामपंचायत. तिथं गावातला प्रत्येक मतदार मत देतो, पक्षाचं चिन्ह नसतं, सगळा खेळ पॅनेलचा. सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला सुरू झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला परत सुरू झालं. त्यावर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, म्हणजे झेडपी. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासून लागू, त्यामागं वसंतराव नाईक समितीचा अहवाल. झेडपीच्या मतदारसंघाला गट म्हणतात आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण, एका गटात दोन गण बसतात आणि इथं मात्र पक्षाचं चिन्ह असतं.

आणि मग सहकाराची बाजू, जी बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. बाजार समितीत १८ संचालक, त्यातले ११ सोसायट्यांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतीच्या, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. सोसायटीच्या ११ जागांना मत देतात सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायतीच्या ४ जागांना मत देतात ग्रामपंचायत सदस्य. बाजारात माल घेऊन येणारा साधा शेतकरी नाही! जिल्हा बँकेत तर मतदारयादी आणखी छोटी होते, तालुक्याच्या प्रतिनिधीला मत द्यायचं ते प्रत्येक सोसायटीनं ठराव करून पाठवलेल्या एका माणसानं, म्हणजे तालुक्यात जेवढ्या सोसायट्या तेवढीच मतं. म्हणून बँकेची निवडणूक जवळ आली की "ठराव किती आहेत" ही भाषा सुरू होते आणि ठरावधारकांना सहलीला नेण्याचे प्रकारही होतात. साखर कारखान्यात ऊसउत्पादक सभासद मत देतो.

हे सगळं एकत्र मांडलं की दिसतं की एकाच तालुक्यातला एकच माणूस पाच-सहा वेगवेगळ्या मतदारयाद्यांपुढं उभा राहतो, आणि या याद्यांमध्ये तीच ती माणसं वेगवेगळ्या टोप्या घालून बसलेली असतात. आज जो विरोधी पक्षाचा झेडपी मेंबर आहे तोच उद्या दहा सोसायट्यांचे ठराव खिशात घेऊन समोर येतो.

मग भांडण परवडत का नाही

सामाईक विहीर बघितली असेल तर हे लगेच कळेल. चार भावकीची एक विहीर, दिवस वाटून घेतलेले, सोमवार-मंगळवार याची मोटर, बुधवार त्याची. बांधावरून कोर्टकचेरी चालू असेल, बोलणं बंद असेल, पण मोटर जळाली, फूटवॉल्व्हमध्ये गाळ अडकला, वायर तुटली की चौघांना एका दोरीला हात लावावा लागतो कारण पाणी एकच आहे. कोणी रागानं स्टार्टरची पेटी बंद केली तर त्याचाही ऊस वाळतो. तालुक्याच्या राजकारणात ती विहीर म्हणजे बँक, बाजार समिती, कारखाना. विधानसभेचं भांडण खरं असतं, नाटक नसतं, पण ते संपल्यावर गाळपाचा हंगाम सुरू करायचा असतो, तोडणी टोळ्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची असते, आणि तिथं विरोधकाच्या गावचा ऊस सोडून कारखाना चालत नाही.

बाजार समितीचा सभापती घ्या. १८ पैकी १० मतं लागतात. सोसायटीच्या ११ जागा पॅनेल फुटून निम्म्या-निम्म्या आल्या की व्यापाऱ्यांचे २ आणि हमालांचा १ यांना अचानक किंमत येते. म्हणजे शेतकऱ्यांच्या नावानं निवडून आलेल्या माणसाला अडत्याशी आणि हमालाशी गोडीनं वागणं भाग पडतं, आणि पाच वर्षं निभावून न्यायचं तर ते गोड वागणं नुसतं बोलण्यात ठेवून चालत नाही, हमाली-तोलाईचे दर ठरवताना, सेसचा, म्हणजे समितीनं व्यवहारावर घेतलेल्या शुल्काचा, पैसा कुठल्या शेडवर खर्च करायचा हे ठरवताना ते उतरवावं लागतं. पेपरातल्या त्या हसऱ्या फोटोमागं हे गणित असतं.

तीन कारकिर्दी

नावानिशी बघायचं तर वसंतदादा पाटील. जन्म १९१७, सांगलीजवळचं पद्माळे, शेतकरी घर, शाळा सातवीपर्यंत. १९४३ साली इंग्रजांच्या काळात सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, गोळी लागली, परत पकडले गेले. म्हणजे सुरुवात सगळ्यात जहाल. तोच माणूस स्वातंत्र्यानंतर १९५२ ला आमदार झाला, सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात पडला, आणि पुढं मुख्यमंत्री झाला तेव्हा त्यांची ओळख होती ती सगळ्यांना सांभाळून घेणारे दादा अशी. मला वाटतं बंदुकीपासून कारखान्यापर्यंतचा हा प्रवास माझा मुद्दा सगळ्यात चांगला सांगतो, कारण तुरुंग फोडायला धाडसी सोबती मूठभर असले तरी भागतं, पण कारखाना उभा करायला हजारो शेतकऱ्यांचे शेअर लागतात आणि त्यात सगळ्या जातीचे, सगळ्या पक्षांचे लोक येतात. आणि मवाळ राहून सगळं सांभाळता येतं असंही नाही, १९७८ साली त्यांचं सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार बाहेर पडल्यावर कोसळलं. १९८३ ला परत मुख्यमंत्री झाले आणि त्याच काळात राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, ज्यावर आजही दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो.

दुसरे विलासराव देशमुख. १९७४ ला बाभळगावचे सरपंच, मग जिल्हा परिषद, लातूर पंचायत समितीचे उपसभापती, १९८० ला आमदार, १९९९ ला मुख्यमंत्री. मध्ये १९९५ ला लातूरमधून पडले, तेही मोठ्या फरकानं, आणि चार वर्षांनी त्याच लातूरनं त्यांना भरघोस मतांनी परत निवडून दिलं.

तिसरे आर. आर. पाटील, अंजनी गावचे, घरची परिस्थिती बेताची, कमवा आणि शिका करत शिकलेले. १९७९ ला सांगली झेडपीत गेले आणि १९९० ला आमदार होईपर्यंत तिथंच राहिले. ग्रामविकास मंत्री झाल्यावर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं आणि गृहमंत्री असताना २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम. पोलिस खातं हातात असलेला मंत्री म्हणतो की गावातली भांडणं गावात बसून मिटवा, बक्षीस देतो. अकरा वर्षं झेडपीत बांधाची, रस्त्याची, पाण्याची भांडणं ऐकलेल्या माणसालाच हे सुचू शकतं असं मला मनापासून वाटतं.

"मवाळ म्हणजे कणा नसलेला, शेतकऱ्यासाठी लढणार कोण?"

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. महाराष्ट्रात शेतमालाच्या भावाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो चेअरमन-सभापतींनी नाही, तो आणला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं, चाकणच्या कांदा आंदोलनापासून. उसाच्या पहिल्या उचलीसाठी, म्हणजे दराच्या पहिल्या हप्त्यासाठी, रस्त्यावर बसले ते राजू शेट्टी आणि त्यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना. मवाळ पुढारी तेव्हा बहुतेक वेळा कारखान्याच्या गेटच्या आतल्या बाजूला होता.

पण आंदोलन झाल्यावर काय होतं तेही बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. अशा वेळी सभापतीपुढं काय काय असतं याचा विचार करा. शेतकरी चिडलेला, त्याला निषेधही हवाय आणि त्याचा कांदाही विकला जायला हवाय, कारण कांदाचाळीत साठवलेला माल दमट हवेत रोज थोडा थोडा सडतोय. व्यापारी म्हणतो बंदरावर माल अडकलाय, आम्ही बोली लावणार नाही. परवाना समितीनं दिलेला असतो, त्यामुळे नोटिसा काढून दम देता येतो, पण सगळ्यांचेच परवाने रद्द केले तर उद्या बोली लावणार कोण. वरून कलेक्टर ऑफिसचा फोन, बैठकीला या. इथं जो माणूस रस्ता रोकोत जाऊन बसतो, संध्याकाळी व्यापाऱ्यांशी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी कलेक्टरपुढं लिलाव सुरू करायची तारीख मागतो, त्याला दोन्हीकडून शिव्या बसतात, आणि तरी ट्रॅक्टर रिकामे होतात ते त्याच्या त्या खटपटीमुळं. घोषणा देणारा आणि मिटवणारा, दोघं लागतात. पहिला नसेल तर दुसऱ्याच्या हातात मागायला काही राहत नाही.

"हे कसले शेतकरी, हे तर कारखानदार"

हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन उभा केला, १९५० च्या सुमाराला पहिलं गाळप, तेव्हा तो शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी उभा केलेला होता. पुढच्या पिढ्यांत राज्यात अनेक ठिकाणी चेअरमनकी घराण्यात राहिली, काही सहकारी कारखाने तोट्यात गेले, विकले गेले, खासगी झाले. मग तोच पुढारी एका टोपीत शेतकऱ्यांचा प्रतिनिधी आणि दुसऱ्या टोपीत शेतकऱ्यांचं देणं थकवणारा मालक.

उदाहरण एफआरपीचं. एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असा नियम. २०२२ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला की तो दोन हप्त्यांत दिला तरी चालेल, शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. विधिमंडळात तेव्हा स्वतःला शेतकरी म्हणवणारे ढिगानं होते, तरी शेतकऱ्याला कोर्टात जावं लागलं. जिल्हा बँकांचंही तसंच, नागपूर, वर्धा, बुलडाणा या बँका २०१४ च्या सुमाराला परवान्याच्या अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे हाल झाले. सगळ्यांना सांभाळून घेण्याच्या नादात संचालकांनी एकमेकांच्या संस्थांना दिलेली कर्जंही सांभाळून घेतली, हा सहकाराच्या अधोगतीतला मोठा भाग आहे. म्हणजे जी सवय मार्चमध्ये एका शेतकऱ्याला वाचवते तीच वर गेल्यावर बँक बुडवू शकते. हे नाकारून कोणी या राजकारणाचं कौतुक करत असेल तर ते मला पटत नाही.

"आणि ज्याला जमीनच नाही त्याचं काय?"

यावर फार कमी लिहिलं जातं म्हणून जरा थांबतो. वर सांगितलेल्या सगळ्या याद्या परत बघा. सोसायटीचा कर्जदार सभासद व्हायला सातबारा लागतो. सोसायटीतून बाजार समिती, सोसायटीतून जिल्हा बँक. कारखान्याच्या सभासदत्वाला ऊस लागतो, म्हणजे पाणी लागतं. शेतमजूर, ऊसतोड कामगार, भूमिहीन दलित कुटुंब, आणि जिच्या नावावर जमीन नाही ती शेतात राबणारी बाई, या सगळ्यांच्या हातात या साखळीतलं फक्त ग्रामपंचायत-झेडपीचं मत उरतं. पुढारी मवाळ असतो तो ज्याची मतं पाच याद्यांत आहेत त्याच्याशी जास्त, एकाच यादीत असलेल्याशी कमी. गायरानावरचं अतिक्रमण काढायचा विषय आला की हा फरक उघडा पडतो.

यात थोडा बदल आणला तो पंचायतींमध्ये राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून, आणि महाराष्ट्रात २०११ ला महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं त्यानं. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा हे बऱ्याच ठिकाणी अजून चालतं, खरं आहे, पण ज्या गावात बाई दुसऱ्यांदा निवडून येते तिथं ग्रामसभेत पाण्याचा विषय कधी पहिला येतो ते जाऊन बघावं. सहकारात मात्र १३ पैकी २ जागा महिलांना, एवढ्यावरच गाडी अडलीय.

खालच्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या की काय होतं

२०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक झेडपी आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या रचनेवरून प्रकरण कोर्टात, निवडणुका नाहीत, सगळीकडं प्रशासक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्यायला सांगितलं तोपर्यंत तीन वर्षं उलटून गेली होती. प्रशासकाचा कारभार कागदावर चांगलाही असू शकतो, पण त्याला नवं-जुनं करणाऱ्या माणसाचा फोन येत नाही, आणि शाळेची खोली गळते म्हणून घरी येऊन बसणाऱ्या बाईला तो ओळखत नाही.

त्याहून मोठं नुकसान पुढचं आहे. या काळात जी पोरं झेडपीत जाऊन पडायला, जिंकायला, विरोधकाशी जुळवून घ्यायला शिकली असती ती शिकलीच नाहीत. त्या रिकाम्या जागेत आला तो फ्लेक्सवरचा भावी आमदार, ज्यानं कधी थकबाकीची यादी वाचली नाही, ज्याला कोणाच्या ठरावाची गरज नाही, पैसा बाहेरून आलेला. त्याला मवाळ राहायचं कारणच काय? विरोधकाला शत्रू केल्यानं त्याचं काही अडत नाही, उलट व्हिडिओ चालतो.

मग मत देताना बघायचं काय

स्वतःला शेतकरी पुत्र म्हणवणारा उमेदवार दारात आला तर त्याची सोसायटी कशी आहे ते बघा, ते भाषणापेक्षा जास्त सांगतं. दरवर्षी लेखापरीक्षणात सोसायटीला वर्ग मिळतो, अ, ब, क, ड. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि सभासदाला त्या सभेत ताळेबंद, वसुलीची टक्केवारी, संचालकांकडची थकबाकी विचारता येते. बऱ्याच गावांत ही सभा पंधरा मिनिटांत "सर्व विषय मंजूर" म्हणून उरकते, कारण कोणी विचारत नाही. तुमचा सातबारा असेल आणि सोसायटीत खातं असेल तर यंदा जा, अहवाल आधी मागून घ्या, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांच्या थकीत कर्जाचा आकडा उभं राहून विचारा, त्यावर चेअरमन कसा वागतो ते नीट बघून ठेवा.